भट्टी विकू नकोस, आधी बादली तपास

नमस्कार ताई,

मी सांगलीची, वय ३३. मला अगं-तुगंच करा. चार वर्षं हौसेनं मातीकाम केलं आणि गेल्या वर्षी एक वापरलेली इलेक्ट्रिक भट्टी घेऊन गच्चीवरच्या खोलीत बसवली. परवा पहिल्यांदाच भट्टी पूर्ण भरून ग्लेझ फायरिंग केलं, म्हणजे काचेसारखा लेप देऊन भांडी भाजली. २२ मग आणि एक बरणी. पांढरं ग्लेझ तयार पावडरचं होतं, दुकानदारानं १२२० ते १२४० अंश सांगितलेलं. त्यातच ६ टक्के कॉपर कार्बोनेट घालून हिरवं केलं. काही मगांना ते काठावर पांढऱ्यावरून दिलं, बरणीला आतून. भट्टी १२४० ला नेऊन ४५ मिनिटं धरली. दार उघडलं आणि रडूच आलं. सात मग शेल्फला चिकटलेले. जवळजवळ सगळ्या पांढऱ्यावर सुईनं टोचल्यासारखी भोकं. कान जोडला आहे तिथे ग्लेझ मागे सरून माती उघडी पडलेली. बरणी तेवढी आतून काळपट, धातूसारखी चमकदार, छान निघाली.

दिवाळीसाठी ४० मगांची ऑर्डर घेऊन बसले आहे, हातात पाच आठवडे आहेत. नवरा म्हणतो भट्टीच सदोष आहे, विकून टाक. एक मैत्रीण म्हणते स्प्रे गन घे. दुसरीनं तिची 'हमखास' कृती दिली आहे: फेल्डस्पार ४०, क्वार्ट्झ ३०, व्हायटिंग २०, चायना क्ले १०. काय करू? आणि सासूबाई विचारताहेत, त्या बरणीत यंदाचं लिंबाचं लोणचं घालू का? फोटो आणि माझ्या वहीचं पान सोबत पाठवते आहे.

तुमची एक वाचक, सांगली

*

अगं, सासूबाईंचं आधी. तुझी ऑर्डर पाच आठवडे थांबेल, कापून ठेवलेली लिंबं थांबणार नाहीत. त्या बरणीत लोणचं घालायचं नाही. लिंबाचं नाही, कैरीचं नाही, मिरचीचंही नाही.

ती 'छान निघालेली' बरणीच तुझ्या भट्टीतली सगळ्यात बिघडलेली वस्तू आहे. ग्लेझ म्हणजे शेवटी काच. काच वितळलेली असताना ठरावीक तांबं पोटात घेते, त्यापलीकडे नाही. कॉपर कार्बोनेट दोन-तीन टक्के असेल तर चांगला हिरवा येतो. सहा टक्के घातलंस, तेव्हा न मावलेलं तांबं थंड होताना पृष्ठभागावर आलं आणि तोच तुला आवडलेला काळा चमकदार थर. तो काचेत नीट बांधलेला नाही. त्यावर लिंबाचा रस आणि मीठ वर्षभर मुक्कामाला ठेवायचं म्हणजे तांबं लोणच्यात उतरायला मोकळीक दिल्यासारखंच. सासूबाईंना हे एका वाक्यात सांगता येईल: कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक कळकतं, तसं. त्यांना यापुढे काही समजवावं लागणार नाही.

खात्री करायची तर बरणीत लिंबाची एक चकती रात्रभर ठेव. सकाळी ती उचल आणि तिथला रंग उजेडात तिरका धरून बघ. डाग उठला, चमक गेली, तर ते ग्लेझ खाण्याच्या वस्तूला नापास. डाग नाही उठला तरी ते पास झालं असं समजू नकोस. ही चाचणी फक्त वाईटातलं वाईट पकडते. विकायच्या भांड्यांचं ग्लेझ एकदा प्रयोगशाळेतून तपासून घ्यावंच लागतं. माझा स्वतःचा नियम सोपा आहे: ज्यात खायचं-प्यायचं, त्याला आतून बिनरंगाचं पारदर्शक किंवा पांढरं, पूर्ण वितळणारं, शिसं आणि बेरियम नसलेलं ग्लेझ. हिरवं-निळं काय मिरवायचं ते बाहेरून.

आता भट्टी. तुझे फोटो मी मोठे करकरून पाहिले. चिकटलेले सातही मग काठाला हिरवं दिलेले आहेत. नुसता पांढरा असलेला एकही मग शेल्फला धरलेला नाही. चौथ्या फोटोत तर सगळी हकिगत लिहिलेली आहे: काठाजवळ ग्लेझ पातळ होऊन माती तपकिरी डोकावते आहे, पोटावरून हिरव्या धारा आणि बुडाशी मेणबत्तीच्या मेणासारखी जाड वळकटी. शेजारचा पांढरा मग मात्र त्याच शेल्फवर, त्याच आचेत, आपल्या पायावर कोरडा उभा आहे. भट्टीच सदोष असती तर तिनं असा पंक्तिप्रपंच केला नसता.

धावलं ते हिरवं, आणि त्याची कारणं तीन. तांबं नुसता रंग देत नाही, ग्लेझ वितळवायलाही मदत करतं, म्हणजे तुझं हिरवं पांढऱ्यापेक्षा मुळातच पातळ होणार होतं. दुसरं, ते पांढऱ्यावर चढवलंस, म्हणून काठावर दुप्पट जाडी झाली. आणि तिसरं, ती ४५ मिनिटं.

या तिसऱ्यावर थोडं थांबते, कारण नवरोबांच्या म्हणण्यात अर्धा आणा तथ्य इथेच आहे. डिजिटल आकडा म्हणजे त्या क्षणीची आच. पण ग्लेझला नुसती आच कळत नाही, ती किती वेळ मिळाली तेही कळतं. भात तीन शिट्ट्यांत होतो की मंद आचेवर पाऊण तासात, तसं. म्हणून तर बर्लिनमध्ये हरमन झेगर यांनी १८८६ मध्ये ठरावीक आच ठरावीक वेळ मिळाली की वाकणारे, नंबर दिलेले मातीचे कोन काढले, दहा वर्षांनी अमेरिकेत एडवर्ड ऑर्टन यांनी त्यांचे, आणि आज डिजिटल आकडा दिसत असतानाही जुनी माणसं कोन लावल्याशिवाय भट्टी पेटवत नाहीत. सहा नंबरचा ऑर्टन कोन, शेवटच्या टप्प्यात तासाला ६० अंशांनी चढलीस तर १२२२ ला वाकतो. तासाला १५० अंशांनी पळवलीस तर तोच कोन १२४३ ला वाकतो. तू १२४० गाठून वर पाऊण तास धरलीस, म्हणजे सहा कधीच मागे पडला, तू सात ओलांडून पुढे गेली होतीस. दुकानदाराचा '१२२० ते १२४०' खोटा नव्हता, अर्धवट होता.

त्यात तुझी भट्टी वापरलेली. थर्मोकपल, म्हणजे आतली आच मोजणारा भाग, जुना होत जातो तसा चुकीचं सांगू लागतो. तेव्हा पाच, सहा आणि सात नंबरचे कोन मातीच्या पट्टीत ओळीनं, किंचित एकाच बाजूला कलते बसव आणि प्रत्येक फायरिंगला वर-मधे-खाली एकेक पट्टी ठेव. सहाचं टोक वाकून त्याच्याच पायाच्या पातळीला आलं, पाच आडवा झाला आणि सातानं नुसती मान झुकवली, की जमलं. तुझा आकडा तेव्हा १२१२ दाखवत असेल नाहीतर १२२९, तो वहीत लिहून ठेव. तोच तुझ्या भट्टीचा 'सहा'. दुसऱ्या कुणाचाही आकडा तुझ्या उपयोगाचा नाही.

आता वही. 'पाणी अंदाजाने, दहापर्यंत मोजून बुडवलं.' बाई गं! दहापर्यंत! बिस्क झालेली, म्हणजे ग्लेझ देण्याआधी एकदा भाजलेली माती म्हणजे टीपकागद. ती पाणी ओढते आणि पूड अंगावर धरते. दोन-तीन सेकंद पुरतात. तू दहा मोजलेस तेव्हा त्या मगानं शाल पांघरावी तसं ग्लेझ पांघरलं.

पाणी कसं मोजायचं ते सांगते. त्याला कुठलंही यंत्र लागत नाही. घरातलं स्टीलचं फुलपात्र घे. ते आता ग्लेझचंच, परत स्वयंपाकघरात न्यायचं नाही. काट्यावर ठेवून काटा शून्य कर. काठोकाठ पाणी भरून वजन घे, समजा १८० ग्रॅम आलं. पुसून कोरडं कर, मग नीट ढवळलेलं ग्लेझ तितकंच काठोकाठ भर. २६१ ग्रॅम आलं तर २६१ भागिले १८०, म्हणजे ग्लेझ पाण्याच्या १.४५ पट जड. बुडवायच्या ग्लेझसाठी मी १.४५ च्या आसपास सुरुवात करते. १.६ निघालं तर ते ग्लेझ नाही, पिठलं आहे, पाणी घाल. १.३ निघालं तर रात्रभर बसू दे आणि सकाळी वरचं पाणी वाटीनं काढून घे. 'घट्ट ताकासारखं' असं मलाही शिकवलं होतं आणि दहा वर्षं मी तसंच केलं, पण ताक प्रत्येक घरचं वेगळं असतं. तुझ्याकडे ऑर्डर आहे, ४० मग एकसारखे हवेत, तेव्हा फुलपात्र.

एक किलो कोरड्या पुडीला आधी ८०० मिली पाणी घे, पूड पाण्यात घाल, पाणी पुडीत नाही. रात्रभर भिजव. सकाळी ८० मेशच्या चाळणीतून दोनदा गाळ, ब्रश फिरवत. पहिल्या गाळणीत गुठळ्या दिसतील, दुसरीत नाहीत, आणि मला विचारशील तर निम्मी भोकं-डाग याच दुसऱ्या गाळणीला कंटाळल्यामुळे होतात. बादलीच्या तळाला ग्लेझ दगडासारखं बसत असेल तर औषधांच्या दुकानातलं एप्सम सॉल्ट कोमट पाण्यात विरघळव आणि थेंब-थेंब घाल. किलोला एक-दोन ग्रॅम मीठ पुष्कळ होतं. ग्लेझ हाताला एकदम मऊ, सायीसारखं लागायला लागतं, तिथे थांब.

मग बुडवल्यावर, लेप वाळला की एखाद्या मगावर टाचणीनं चरा पाड आणि कड बघ. पाऊण मिलिमीटर असेल तर उत्तम, एकपर्यंत चालेल. चरा बोटानं हलकेच घासला की बुजतो. आतून आधी, ओतून लगेच उलटं करायचं. आतलं वाळलं की बाहेरून. बुडाला मेण लाव आणि वर पाच-सहा मिलिमीटर ओल्या स्पंजनं साफ पूस. हिरवं द्यायचंच असेल तर काठापासून एक तृतीयांशाच्या खाली येऊ देऊ नकोस. खालचा भाग एकपदरी राहिला तर धार थांबायला जागा उरते. आणि शेल्फला वरच्या बाजूनं अॅल्युमिना आणि चायना क्ले निम्मं-निम्मं कालवून लेप दे. शेल्फच्या खालच्या अंगाला नाही, तिथून सुटलेले कण थेट खालच्या मगात पडतात.

तुझी सुईची भोकं मात्र बादलीतून आलेली नाहीत. ती बिस्कमधून आली आहेत. तू ९०० ला, तेही पाच तासांत बिस्क केलंस. मातीत जळण्यासारखं जे काही असतं, पालापाचोळ्याचा अंश, गंधक, कार्बोनेट, ते पूर्ण निघून जायला वेळ मिळाला नाही. ते राहिलं आणि ग्लेझ फायरिंगमध्ये बाहेर पडलं, तोवर वर काच वितळून झाकण बसलेलं. बुडबुडा फुटला, खड्डा राहिला. पुरण शिजताना वर फुटणारे फुगे आठव. ते भरून येतात कारण पुरण हलतं असतं. तू मात्र भट्टी धरून झाल्यावर एकदम बंद केलीस, म्हणून खड्डे जिथल्या तिथे गोठले. म्हणजे धरलीस खरी, पण चुकीच्या ठिकाणी.

पुढच्या वेळी बिस्क १००० पर्यंत, बारा तास तरी घे, ६०० पर्यंत झरोका उघडा आणि ९५० ला अर्धा तास मुक्काम. ५७३ अंशांपाशी क्वार्ट्झ अंग बदलतं, तिथे जाताना आणि येताना घाई नको. ग्लेझला सहा नंबर वाकेल इतकंच वर जा, दहा मिनिटं थांब, मग साधारण ५० अंश खाली ये आणि तिथे अर्धा तास धर. वरच्या आचेत धरलं की नवे बुडबुडे येतच राहतात. थोडं खाली आलं की नवे येणं थांबतं, पण काच अजून पातळ असते, त्यामुळे आधीचे खड्डे भरून येतात.

कानाशी ग्लेझ का सरलं? तुझ्या तिसऱ्या फोटोत कानाच्या सांध्यात पांढरी पूड दिसते आहे, सॅंडपेपर मारल्याची. तिथे लेप मातीवर नाही, धुळीवर बसला. शिवाय कान धरूनच तू सगळे मग उचललेस, बोटांचं तेल तिथेच. बुडवण्याच्या तासभर आधी प्रत्येक मग पिळलेल्या स्पंजनं पूस आणि हातमोजे घाल. कोपऱ्यात ग्लेझ साचतं ते कोरड्या मऊ ब्रशनं काढ. लेप वाळताना सांध्यात भेग दिसली तर बोटानं बुजव. ती भेग दिसते आहे तशी भट्टीत ठेवलीस तर सरणार म्हणजे सरणारच.

मैत्रिणीची ४०-३०-२०-१० कृती खोटी नाही. इंग्लिश कुंभार बर्नार्ड लीच यांच्या नावानं जगभर फिरते ती, स्टुडिओ पॉटरीत तिला ४-३-२-१ म्हणतात. पण ती दहा नंबरच्या कोनाची, १२८० च्या पुढची. तुझ्या भट्टीत ती वितळणारच नाही, हाताला खरखरीत, अर्धी कच्ची राहील. तुझ्या सहाला चालणारी एक साधी कृती अशी: फेल्डस्पार, गारगोटीची पूड, वोलॅस्टोनाइट, चायना क्ले आणि शिसं नसलेलं बोरॉन-कॅल्शियम फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच), प्रत्येकी २० टक्के. पारदर्शक, चकचकीत. वरून १० टक्के झिरकॉन घातलं की पांढरी. फ्रिट मात्र दुकानागणिक बदलतं, तेव्हा शिसं नसल्याचं लिहून घे आणि थेट मगांवर देऊ नकोस. तुझ्याच मातीच्या उभ्या राहणाऱ्या पट्ट्या कर, बिस्क कर, मागे गेरूनं नंबर टाक, अर्धी एकदा आणि अर्धी दोनदा बुडव. आडव्या पट्टीवर ग्लेझ धावतं की नाही ते कळत नाही.

चायना क्ले जास्त असलेलं ग्लेझ वाळताना आक्रसतं, तेव्हा त्यातली निम्मी क्ले बिस्कच्या वेळी वाडग्यात भाजून घेता येते. चकलीची भाजणी करतो तशीच कल्पना. भाजल्यावर १०० ग्रॅमचे ८६-८८ उरतात, वजन करताना ते लक्षात ठेव.

स्प्रे गन नको. तिला कॉम्प्रेसर हवा, हवा बाहेर खेचणारा बूथ हवा, आणि गच्चीवरच्या खोलीत तू ती वापरलीस तर गारगोटीची पूड आधी तुझ्या फुप्फुसात जाईल. त्यातून होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, बरा होत नाही. ओढणी तोंडाला बांधून तर मुळीच नाही, एन-९५ घाल, आणि ग्लेझच्या खोलीत झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. मुलं असतील तर त्यांना पायरीवरच थांबव.

ऑर्डरचं माझं मत विचारशील तर हिरवं यंदा सोड. गिऱ्हाइकाला आजच फोन कर: ४० मग पांढऱ्यात मिळतील, हिरवा काठ नंतर. पहिला आठवडा पट्ट्या आणि कोन. दुसऱ्यात सहा मग, फक्त सहा. ते निघाले की उरलेले दोन भट्ट्यांत, एकाच भट्टीत सगळे नाही. भोकं पडलेल्या मगांना गरम करून पुन्हा लेप देता येतो, निम्मे सुधारतात. उरलेले पेनं ठेवायला घे. ते 'वाबी-साबी', म्हणजे अपूर्णतेतलं सौंदर्य, म्हणून विकू नकोस, चहाचा डाग त्या भोकांत बसतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही. हल्ली ज्या-त्या फसलेल्या ग्लेझला हे जपानी नाव देतात, मला त्याचा राग आहे.

चिकटलेले मग काढताना चष्मा आणि जाड हातमोजे. मी माझ्या पहिल्या भट्टीतल्या अकरा थाळ्या नुसत्या छिन्नीनं उडवायला गेले होते. ग्लेझची कपची अंगठ्यात इतकी खोल गेली की आजही थंडीत तिथे ठणकतं.

आणि सहा मगांची ती भट्टी थंड होत असेल तेव्हा आकडा १०० च्या खाली येईपर्यंत दाराला हात लावू नकोस. नवरोबांना लावू देऊ नकोस. निघालेल्या मगांचे फोटो पाठव, कानाचा सांधा जवळून, आणि शेजारी वाकलेले तिन्ही कोन. लोणचं यंदा जुन्याच बरणीत.